कुमुदताईंच्या सिनेमात बापूसाहेब मरेनात

कुमुदताईंच्या आयुष्यावरच्या सिनेमात त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं काम करायला त्यांचा दिवंगत नवराच आला. बापूसाहेब तळेकर, माजी मंत्री, वारून चौदा वर्षं झालेली. कडक इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच सेटवर हजर. दिग्दर्शक शिरीषनं त्यांना दोनदा चालून दाखवायला लावलं आणि घेऊन टाकलं. इतका हुबेहूब माणूस दुसरा कुठं मिळणार होता?

ताईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हा माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता. आज बरा वेळेवर उगवला!

"अहो, कशाला आलात?"

"काम करायला. एकच तर सीन आहे. मरतो आणि जातो."

पण मरतील तर बापूसाहेब कसले! पलंगावर निजायचे, ताईंचं काम करणारी नटी अंगावर पडून टाहो फोडायची, की हे एक डोळा उघडून तिच्याकडे बघणार. दिवसभर तेच. शेवटी ताईंचे धाकटे दीर नाना, सिनेमाचे निर्माते, ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, दादा मरतच नाहीत, तर सिनेमा विधवेवर काढायचा कसा? ऊन उतरेपर्यंत वाट बघू. नाहीतर दादांवरच काढू. तुम्ही आहातच की त्यात. चहा घेऊन येता."

ताई दुष्काळात टँकरमागे धावल्या होत्या, भर सभेत चपला झेलल्या होत्या, नवऱ्याच्या जागेवर तीनदा आमदार म्हणून निवडून आल्या होत्या. ते सगळं आता एका चहाच्या ट्रेवर जाणार! हे दोघे भाऊ आतून एक तर नाहीत ना?

शिरीष म्हणाला, "ऊन आहे तोवर दहाव्याचा सीन उरकू."

नदीकाठी पिंड ठेवला. बापूसाहेब शेजारीच मांडी घालून बसले. कावळा आला, लिंबावर बसला, पण शिवेना. नाना हात जोडून म्हणाले, "दादा, चौकात पुतळा उभारतो." शिरीष म्हणाला, "पडद्यावर तुमचं नाव सगळ्यांच्या आधी टाकतो." कावळ्यानं मान फिरवली.

"मागच्या खेपेलाही शिवला नव्हता," नाना कानकोंडे होत म्हणाले. "निवडणूक तोंडावर, अर्जाची मुदत त्याच दुपारी संपत होती. मग दर्भाचा कावळा करून शिववला."

"म्हणजे प्रकरण प्रलंबितच आहे," शिरीष गंभीरपणे म्हणाला. "ताई, आता तुम्हीच विचारा."

ताई पिंडापाशी गेल्या. "हे बघा, आमदारकी परत हवी असेल तर मिळायची नाही. आधीच सांगते."

"आमदारकी घाल चुलीत," बापूसाहेब म्हणाले. "मी गेलो तेव्हा तू अशी रडली होतीस?"

नाना डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा. ताईंनी तिकडे बघितलंही नाही.

"नाही. टिपूससुद्धा काढलं नाही. मी रडत बसले असते तर तुमच्या भावानं अर्ज भरला असता. आणि खरं सांगू? तुमचा राग आला होता. ऐन निवडणुकीत मला एकटीला टाकून गेलात. अजून येतो."

नाना नदीकडे बघू लागले. बापूसाहेबांचा चेहरा मात्र खुलला.

"तरीच! सकाळपासून ही परकी बाई उरावर पडून रडतेय. म्हटलं, आपण भलत्याच घरात मरतोय."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

मरणाचा सीन लगेच पुन्हा घेतला. या वेळी नटीऐवजी ताईच उशाशी बसल्या, कोरड्या डोळ्यांनी. बापूसाहेब पहिल्याच टेकला गेले. शिरीष "ओके" म्हणाला, दिवे मालवले, माणसं सामान आवरू लागली.

ताई उठल्या नाहीत. त्यांनी बापूसाहेबांच्या नाकाशी बोटं धरली. मग मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ नाडी बघितली. मागच्या वेळी घाईत ते बघायचं राहूनच गेलं होतं.