टेकडीला आपली हरकत आहे काय?

नॉटिंगहॅमच्या एका चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी युद्ध होत असे. टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली दोन जाड शब्दकोश म्हणजे टेकडी, निळा टॉवेल म्हणजे नदी आणि बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई. फासे टाकण्यापूर्वी दोन्ही सेनापती टेबलाभोवती फेरी मारून ठरवत, ही टेकडी, ही नदी. मान्य? मान्य. मग हस्तांदोलन आणि चहा. बसच्या वेळापत्रक खात्यातून निवृत्त झालेल्या कथबर्ट ऑलसॉप यांनी ‘पुलाची लढाई’ हा डाव एकवीस वर्षं खपून रचला होता. पण हे क्लबातल्या नऊ जणांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, याची त्यांना मनापासून खंत होती.

एका व्हिडिओ गेम कंपनीत नकाशे आखणाऱ्या टॅमसिन पेलबाई तो डाव बघून हरखल्या.

“मिस्टर ऑलसॉप, हा आमच्या खेळाचा नकाशा होणार. जसाच्या तसा.”

“आणि नाव?”

“तुमचंच. पुलावर कोरू.”

ऑलसॉप त्या दिवशी बस समोर उभी असताना घरी चालत गेले.

‘जसाच्या तसा’ हे शब्द कंपनीच्या विधी विभागाने मनावर घेतले. विभागप्रमुख क्रॅब यांनी टिपण ठेवलं: मूळ डावात भूभाग परस्परसंमतीने अस्तित्वात येतो, सबब प्रत्येक खेळाडूची संमती आवश्यक. झालं! खेळाआधी पडद्यावर एक्केचाळीस पानी मजकूर येऊ लागला, जागोजागी दोन बटणं: सहमत, असहमत.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं, कारण तो मजकूर कुणीच वाचला नाही. मग लीड्सच्या एका दंतवैद्याचं बोट चुकून असहमतवर पडलं आणि त्याच्यापुरती टेकडी नाहीशी झाली. टेकडीमागे दबा धरून बसलेले अकरा जण त्याने आरामात टिपले. बातमी पसरायला दुपारही लागली नाही. कुणी नदी अमान्य केली, कुणी तटबंदी. ब्रिस्टलच्या एका आजीबाईंनी शत्रुपक्षच अमान्य केला आणि त्या बिनविरोध जिंकल्या. एका गृहस्थाने स्वतःचा मृत्यू अमान्य केला, त्याला सात दिवसांत कळवू अशी पोच मिळाली.

“अहो, आवरा हे,” ऑलसॉप क्रॅबना फोनवर म्हणाले. “आमच्याकडे एकदा मान्य म्हटलं की मान्य. मागाहून कुरकुर करणाऱ्याला बिस्कीट मिळत नाही.”

“बिस्किटांचा प्रस्ताव तपासला,” क्रॅब म्हणाले. “चार कोटी खेळाडूंना पुरवणं शक्य नाही.”

खेळाडू दिवसागणिक वाढत होते, त्यामुळे आवरायचा प्रश्नच मिटला. नकाशावर आता सपाट मैदान आणि पूल एवढंच उरलं. नदीच नसल्यामुळे पूल कुणाला नडत नव्हता. तेवढ्यात क्रॅबना आढळलं की पुलावरच्या नावाला कुणाची संमतीच घेतलेली नाही. लगेच प्रश्न निघाला: ‘हा डाव कथबर्ट ऑलसॉप यांनी रचला, हे आपणांस मान्य आहे काय?’

“एकच ओळ आहे,” ऑलसॉप क्लबातल्या विनिफ्रेडबाईंना म्हणाले. “तेवढी तरी वाचतील ना?”

“वाचतील रे बदका,” विनिफ्रेडबाई चहा ओतत म्हणाल्या. नॉटिंगहॅमात सगळेच एकमेकांना लाडाने बदक म्हणतात.

निकाल आला. चौदा जण सोडून उरलेले सगळे असहमत.

“मी त्यांचं काय घोडं मारलं होतं?” ऑलसॉपनी पेलबाईंना विचारलं.

“काहीच नाही. कुणी वाचलंच नाही. पूर्वी न वाचता सहमत म्हणायचे, आता न वाचता असहमत म्हणतात. आमच्याकडे याला जागरूक खेळाडू म्हणतात.”

नाव उतरलं. ऑलसॉपना वाईट वाटलं, फार वाटलं. तिरीमिरीत त्यांनी कंपनीचा तक्रार अर्ज उघडला. सोळाव्या कलमात लिहिलं होतं की सदर डाव तक्रारदाराने रचलेला नाही. खाली चौकोन होता: ‘वरील मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे.’ ऑलसॉपनी खूण केली आणि अर्ज धाडला.

हसू नका. आज सकाळी तुम्ही फोनवर ज्याला होकार दिलात ना, त्यातलं सोळावं कलम तेवढं सांगा.