मासोळीले गोचीड झाले!

दौलतराव कंपोंडर माणसाची तब्येत विचारताना आधी त्याच्या नाकाकडे बघत. नाक ओलसर असलं म्हणजे प्रकृती ठणठणीत, हा त्यांचा ठोकताळा. उभा जन्म ढोरांच्या दवाखान्यात गेलेला, त्यामुळे मला पडसं झालं की ते खूष होत. "झकास तब्येत हाये, मास्तर," म्हणत, आणि पाठोपाठ हमखास विचारत, "रवंथ बरोबर चालू हाये ना?" मी भाकरी खातो, कडबा नाही, हे मी त्यांना तीन वर्षं सांगत होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी माझी मंगरूळच्या शाळेत बदली झाली आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेली खोली मला मिळाली. दौलतरावांची नोकरी तेव्हा संपली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दार मात्र दिवसभर सताड उघडं. कुणी आजारी म्हैस घेऊन आला तर तिच्याशी ते तासभर बोलत. माणूस नुसता भेटायला आला तर काय बोलावं ते त्यांना सुचत नसे, आणि माणसंही मग फारशी येत नसत.

त्यांच्याकडे सोनेरी मासोळ्या कशा आल्या, तर बदलून गेलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या मडमेनं दिल्या. तिच्या कुत्र्याचा कान दौलतरावांनी बरा केला होता. काचेचा भला मोठा वाडगा आणि त्यात दोन मासोळ्या. अख्खी गल्ली बघून गेली. समोरच्या गफूरभाई टांगेवाल्यानं विचारलं, "खायच्या नाई त पोसून राह्यले कायले?"

"तू घोडं पोसतं ना? खातं काय त्याले?" दौलतराव कडाडले. पुढं चार दिवस ते गफूरभाईच्या टांग्याकडे ढुंकून बघत नव्हते.

मासोळ्यांवर त्यांचा जीव जडला, आणि तिथंच घोटाळा झाला. विहिरीच्या त्याच त्या पाण्याला बिचाऱ्या विटल्या असतील, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग गावाबाहेरच्या तळ्यातून वेलासकट घागरभर पाणी आणून त्यांनी वाडग्यात ओतलं. "जरा मोकळं पानी लागू द्या त्याईले," म्हणाले.

थोड्याच दिवसांत मासोळ्या काचेला अंग घासू लागल्या. दौलतरावांनी भिंग लावलं आणि तिथूनच मला हाक मारली, "मास्तर, मासोळीले गोचीड झाले!" मी जाऊन बघितलं. मसुरीच्या डाळीएवढे, चपटे, आरपार दिसणारे किडे दोघींच्या अंगाला चिकटून रक्त पीत होते. गोचीड म्हटल्यावर तंबाखूचं पाणी, हे बैलाचं औषध त्यांना तोंडपाठ. बैलाला इतकी, तर मासोळीला किती, हे त्रैराशिक त्यांनी मला घातलं. मी गणित अगदी बरोबर सोडवलं. एक मासोळी मेली.

बैल त्या पाण्याबाहेर उभा असतो आणि मासोळी त्यातच श्वास घेते, हे आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दौलतरावांनी तिला परसात पुरलं. मग एवढंच म्हणाले, "मी बैल समजलो हो तिले." मला माझ्या गणिताची लाज वाटली.

दुसरीला त्यांनी ओल्या फडक्यात धरलं आणि चिमट्यानं एकेक गोचीड काढला. मग रोज थोडा वेळ खडेमिठाच्या पाण्यात बुचकळणं. तिनं अंग टाकलंसं वाटलं की लगेच साध्या पाण्यात. वाडगा घासून उन्हात वाळवला, वेल फेकून दिले. "गोठा साफ नाई केला त गोचीड वापस येते," ते म्हणाले. दोन-तीन आठवडे हे चाललं आणि गोचीड गेले.

पण मासोळी खाईना. कणकेच्या गोळ्या तशाच तळाशी पडून राहू लागल्या. दौलतराव भर दुपारी शाळेत आले आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "मास्तर, रवंथ बंद हाये तिचं." पोरं हसली. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी जेवण आटपून मी त्यांच्याकडे डोकावलो. वाडगा जमिनीवर ठेवलेला. पलीकडे भिंतीला एक आरसा टेकवलेला. अलीकडे दौलतराव ताट घेऊन बसलेले.

"बोलू नका," ते कुजबुजले. "एकटीले घास नाई उतरत. आरशात दुसरी दिसते त खाऊन राह्यली, पाहा." खरंच, मासोळी आरशाकडे तोंड करून कणिक टिपत होती. मला फार बरं वाटलं.

"हे बरं सुचलं तुम्हाला," मी म्हणालो.

"सुचलं नाई, मास्तर. आरसा जुनाच हाये." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "बायको गेली तवा मीच याच्यापुढं बसून जेवत होतो. वरीसभर. मंग थांबवलं. आपलंच तोंड किती दिवस पाहावं मानसानं?"

तीन वर्षं मी त्याच भिंतीच्या अलीकडे, तेवढाच एकटा जेवत होतो. माझं पोट भरलेलं होतं. तरी मी खाली बसलो आणि म्हणालो, "मलाही वाढा."

ते लगबगीनं उठले. फळी धुंडाळली, कोनाडा बघितला, पेटीसुद्धा उघडली. घरात दुसरं ताट नव्हतं. शेवटी त्यांनी भाकरीवर पिठलं घातलं, ती माझ्या हातावर ठेवली आणि आरसा उचलून भिंतीकडे फिरवला. मग वाडगा ओढून त्यांनी आमच्या दोघांच्या मधे ठेवला.