देविदासकाकांचा पालथा हात

देविदासकाका माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीच्या इंजिनाला हात लावतात. तोही सरळ नाही, पालथा. आई लेकराचा ताप बघते तसा. मग पाहुण्याकडे न बघताच निदान सांगतात, "ताप हाय. परभणीहून न थांबता आलाव का?" पाहुणा हो म्हणाला की काकांचा चेहरा उतरतो. "त्याला बी जीव आसतो की. आधी गार होऊ द्या." त्यांचे निम्मे नातेवाईक मे महिन्याच्या उन्हात ओट्यावर उभे राहून स्वतःची मोटारसायकल गार व्हायची वाट बघताना मी पाहिले आहेत.

सेलूत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे. काका उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि गल्लीतल्या यंत्रांची तब्येत बघायला सुरुवात केली. "आधी गार होऊ द्या" हे त्यांचं सगळ्या आजारांवरचं औषध. चहा आला, गार होऊ द्या. दोन घरांत नळावरून भांडण लागलं, गार होऊ द्या. आईने एकदा त्यांना माझ्यासाठी आलेलं स्थळ सांगितलं, तेव्हाही ते हेच म्हणाले. त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मी घरून काम करते. कानाला हेडफोन लावून दिवसभर गप्प बसलेली असते. काकांनी एकदा खिडकीतून हात घालून माझ्या लॅपटॉपचा ताप पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या तारांचा स्टँड करून आणला. त्यांच्या लेखी माझा उपयोग एकच, मी इंग्रजी शाळेत शिकले. सुट्या भागांचं खोकं आलं की ते माझ्यापुढे यायचं.

"वाच, पोरी. काय लिव्हलंय?"

"लहान मुलांपासून दूर ठेवा."

"ते सोड. कामाचं वाच."

कामाचं काहीच लिहिलेलं नसायचं.

दोन वर्षांपूर्वी काकांनी गाडी बनवायला घेतली. छोटी, गुडघ्याएवढी. सांगाडा लोखंडी पलंगाचा. तोही साधासुधा नाही, त्यांच्या लग्नात आलेला. "माहेरचा पलंग कापला ह्या माणसानं," असं कमलकाकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सीटपुढची दांडी खाली वाकवलेली, चाकं जुन्या स्कूटरची. हँडल मुलाच्या, म्हणजे महेशच्या, लहानपणीच्या सायकलचं. आणि इंजिन कपाशीवर औषध मारायच्या पंपाचं. पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा समोरचे हेडसर नाकाला उपरणं लावून बाहेर आले. "भर वस्तीत फवारणी कोण करायलंय?" असं त्यांनी विचारलं आणि गाडी पाहिल्यावर उपरणं न काढताच म्हणाले, "देविदासराव, सर्कशीत जायलाव का?"

"गार होऊ द्या," काका म्हणाले.

गार होणं हीच तर खरी अडचण होती. पंपाचं इंजिन पाठीवर घेऊन शेतात फिरण्यासाठी केलेलं. काकांना पाठीवर घेऊन फिरायची त्याला सवय नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो ते लालबुंद व्हायचं. काकांनी दुधाच्या किटलीत पाणी भरलं आणि शेतातल्या ठिबकची नळी आणून थेंब थेंब इंजिनावर सोडलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, 'कट्ट' असा आवाज झाला आणि पहिलं इंजिन गेलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या इंजिनाला त्यांनी माठाला गुंडाळतात तसं ओलं तरट गुंडाळलं. हुरडा भाजल्यासारखा वास सुटला आणि गल्लीतल्या लोकांना भूक लागली, एवढाच त्याचा फायदा.

मग एका दुपारी काकूंच्या कूलरची एक बाजू उघडी दिसली. त्यातला वाळा गायब होता. तो काकांनी इंजिनाच्या पुढे जाळीत बसवला आणि ठिबकचं पाणी त्यावर सोडलं. गाडी पळाली की वारा ओल्या वाळ्यातून जाणार, गार होणार आणि मग इंजिनाला लागणार. थोडक्यात, काकांनी इंजिनाला कूलर बसवला होता. गाडी गेली की मागे जळक्या ऑइलचा आणि वाळ्याचा वास एकदमच यायचा. गॅरेजमध्ये कुणी अत्तर सांडावं तसा.

आठ दिवसांत ठिबकची भोकं बोअरच्या क्षारांनी बुजली. तेव्हापासून किटलीत जारचं पाणी.

"इंजनाला जारचं पाणी, आन बायकोला बोअरचं," काकू आमच्या भिंतीशी येऊन म्हणाल्या. "पुढल्या जन्मी मी इंजन होऊन येनार."

"तुझ्यात क्षार लय हायेत," काका आतून म्हणाले.

काकू उंचीने जेमतेम साडेचार फूट. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांचं सगळं काम निळ्या प्लॅस्टिकच्या एका बुटक्या स्टुलावर बसून चाले. भाजी निवडणं, पोळ्या, माणसांना नावं ठेवणं, सगळं. त्यांची धाकटी बहीण रेल्वेच्या फाटकापलीकडे राहते, चालत दहा मिनिटांवर. पण दोन वर्षांत काकू तिकडे गेल्या नव्हत्या. चालवत नव्हतं, रिक्षाची पायरी चढवत नव्हती आणि स्कूटीवर मागे टांग टाकता येत नव्हती. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, जणू एक सेलूत आणि एक दुबईत आहे. एकदा काकूंनी मला सांगितलं होतं, "लग्न झालं तवा मी म्हनले होते, मला गाडी शिकवा. तर हे सगळ्या जिनिंगसमोर म्हनले, तुझे पाय तर टेकत न्हाईत, गाडी काय चालवतीस! लय हसले समदे." मग त्या भेंडी चिरायला लागल्या.

तो स्टूल वरचेवर हरवायचा. "माझा स्टूल द्या!" अशी काकूंची हाक आली की काका शेडमधून तो गुपचूप आणून ठेवायचे. त्यांना बसायला शेडमध्ये चांगली खुर्ची होती. मी खिडकीतून बघायचे. गाडीच्या सीटचा फोम बदलला की काका स्टूल शेजारी ठेवत, दोन्हीवर एक पट्टी आडवी टाकत आणि फोम बोटभर कापत. हे मी पाहिलं, पण विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नाही.

या उन्हाळ्यात महेश पुण्याहून आला. त्याला शेड काढून तिथे भाड्याने द्यायला दुकानाचा गाळा बांधायचा होता. आल्या आल्या काकांनी त्याच्या कारच्या बॉनेटला पालथा हात लावला आणि तो आत जायला निघाल्यावर ताप असल्याचं सांगितलं. संध्याकाळी बापलेकांचं बोलणं अख्ख्या गल्लीने आपापल्या घरात टीव्ही बंद करून ऐकलं.

"बाबा, ही गाडी फाटक ओलांडून मावशीच्या घरापर्यंत जाऊन परत आली, तर शेडला हात लावणार नाही. मध्ये बंद पडली तर मात्र उद्या भंगारवाला बोलावतो."

"मंजूर," काका म्हणाले. "पंच ही पोरगी. ती बोलत न्हाई, म्हंजे खोटं बी बोलत न्हाई."

माझी संमती कुणी विचारली नाही.

सकाळी नऊला काका निघाले. गुडघे कानांपर्यंत आलेले, किटली हँडलला डुलतेय, मागे वाळ्याचा वास. मी स्कूटीवर, महेश पायी, हेडसर उपरण्यासह. गाडी अजिबात अडखळली नाही. गल्ली संपली, बाजाराचा रस्ता संपला. काकांनी मान वळवून महेशकडे पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच समोर फाटक पडलं.

मालगाडी होती. सेलूच्या मालगाडीला कुठेच जायची घाई नसते.

इंजिन चालू, पण गाडी उभी. गाडी उभी म्हणजे वारा नाही, आणि वारा नाही म्हणजे वाळा नुसताच ओला. काकांनी सगळ्याचा विचार केला होता, क्षारांचासुद्धा, फक्त फाटकाचा नाही. सेलूत जन्म काढलेल्या माणसाने फाटक विसरावं! इंजिनाचा आवाज जड झाला, दोन उचक्या लागल्या आणि ते गप्प झालं.

"बंद पडली, बाबा," महेश म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगायला हवं.

काका उतरले. किटलीचं झाकण उगाच उघडलं, लावलं. "हारलो," ते म्हणाले. "बोलव भंगारवाल्याला."

गर्दीत मागून कुणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा, काकूला येऊ द्या." काकू चालत आल्या होत्या. हातात निळा स्टूल. मध्ये चार ठिकाणी तो टेकवून, त्यावर बसून, पुन्हा उठून. चेहरा घामाने निथळत होता. फाटकाशी येऊन त्या स्टूल मांडायला लागल्या, तर काका म्हणाले, "त्याच्यावर नको. हिच्यावर बस."

काकू गाडीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला, कुठेही टांग न टाकता पलंगाच्या त्या खाली वाकवलेल्या दांडीवरून एक पाय पलीकडे नेला आणि बसल्या.

दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट.

मालगाडीचे डबे जात होते. हेडसरांनी उपरणं नाकावरून खाली घेतलं. काकूंनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं, मग महेशच्या सायकलचं ते हँडल दोन्ही हातांनी धरलं. आणि मान वर करून मुलाला म्हणाल्या, "कुठं बंद पडलीय रे? मी बसायसाठी थांबलीय ती. इचार पंचाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हे फार अवघड जातं.

"थांबली," मी म्हणाले.

महेश खाली वाकला आणि आईचा स्टूल उचलून काखेत धरला.

"चालू कुठून करायची?" काकूंनी विचारलं.

"आधी गार होऊ दे," काका म्हणाले आणि नेहमीप्रमाणे इंजिनापाशी खाली बसले. मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक वर जायला लागलं, मागे हॉर्न सुरू झाले. काकांनी हात पुढे केला, पालथा. पण इंजिनाला नाही. भर रस्त्यात, अख्ख्या गल्लीसमोर, त्यांनी तो काकूंच्या गुडघ्यावर ठेवला.

"ताप हाय," ते म्हणाले. "लय चाललीस."

मागे हॉर्न वाजत राहिले, आणि काकांनी हात काढायची घाई केली नाही.