नानांचा डोळा आणि तारेवरचा नीलकंठ

दसऱ्याच्या सकाळी रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीची विजेची लाइन दोन तास गेली, ती माझ्यामुळे. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. लाइन गेलीच नव्हती. आता शांतपणे सुरुवात करू.

दसऱ्याला नीलकंठ पक्षी दिसणं शुभ, आणि तो शोधण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या रायपुरात नाही! नवमीच्या संध्याकाळी मी हे घरात जाहीर केलं, तेव्हा आयुष्यात एकच नीलकंठ पाहिला होता. पण तो सलग तीन दिवस पाहिला होता. भनपुरीत, ट्रक उभे राहतात त्यामागच्या तारेवर, रोज सकाळी आठला. इतका वक्तशीर पक्षी मी सरकारी नोकरीत पाहिला नाही.

प्रश्न माझ्या आजोबांचा, म्हणजे नानांचा होता. चाळीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. मैलावरचा सिग्नल ओळखायचे, आता समोरचा चहा चाचपून ओळखतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा इतका पिकलेला, की समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादाजी, और रुके तो आँख जाएगी." ऑपरेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं.

"दसऱ्याले नीलकंठ दिसला तं जाईन," नाना म्हणाले. "नाही दिसला तं नाही."

"नाना, डोळा जाईल!"

"जाऊ दे. तुही आजी पन्नास दसरे मले तो दाखवत आली. म्हणे, महादेव आपल्याले पाहून राहिला, हात जोडा. ज्या साली नाही दिसला, त्याच साली ती गेली."

आजीशी वाद घालायची सोय ती असतानाही नव्हती.

दसऱ्याला साडेसातलाच नानांना स्कूटीवर मागे बसवून भनपुरी गाठली. तिथे धुतलेले ट्रक झेंडूच्या माळा घालून नवरदेवांसारखे रांगेत उभे! जो तो ट्रकची पूजा करायचा, नारळ फोडायचा आणि मग हॉर्न वाजवून पाहायचा. त्या आवाजात मीच थांबलो नसतो, तर पक्षी काय थांबतो! तार रिकामी.

"दिसला का?"

"येईल, नाना."

आठ वाजले. साडेआठ. नऊ. तारेवर एक कावळा आला, आम्हा दोघांची तोंडं पाहून ओशाळला आणि निघून गेला.

"चाल घरी," नाना म्हणाले. "अन् त्या डॉक्टरणीले फोन करून दे. येत नाही म्हणाव."

परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी सहज वर पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला. तारेवर, पिंपळाच्या फांदीआड, काहीतरी निळं! पन्नी होती. प्लास्टिकची पिशवी, कुठल्याशा साडीच्या दुकानाची. वाऱ्यानं ती फुगली, तेव्हा तिला जवळजवळ पंख आले.

एकीकडे सत्य होतं, एकीकडे नानांचा डोळा. मी डोळ्याच्या बाजूनं झालो.

"नाना! तो पहा! नीलकंठ!"

नानांनी मान वर केली. "निळं दिसून राहिलं रे!" त्यांनी स्कूटीवरून उतरून चपला काढल्या, हात जोडले. "दिसला वो," ते हळूच म्हणाले. माझ्याशी नाही.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण समोरच्या मंदाकिनी काकू पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"नीलकंठ? कुठी?"

काकूंचा चष्मा घरात होता. नानांनी बोट दाखवलं. "रेल्वेतल्या माणसाची नजर आहे," असं म्हणून काकूंनीही हात जोडले. दोघांचे जोडलेले हात पाहून तिसरा थांबला. दहा मिनिटांत तीस माणसं! कुणीतरी पन्नीच्या दिशेनं अक्षता उधळल्या.

तेवढ्यात माझी बहीण ऋता आली. ती मराठी ऐकते, हिंदी बोलते, आणि दोन्ही भाषांत माझी वाट लावते. मोबाईल झूम करून म्हणाली, "भैया, इस पक्षी पे 'बंपर सेल' लिखा है."

"गप! पंखांवरचं डिझाइन आहे ते."

"डिझाइन में फोन नंबर भी है."

मी तिचा फोन हिसकावून खिशात टाकला. पण काकू ओरडल्या, "अरे, हा नुसता फडफडून राहिला, उडून नाही राहिला! तारेत अडकला बिचारा!"

नानांचा चेहरा उतरला. "अभिनव, तो तिथंच मेला तं? असा अपशकुन डोळ्यात घेऊन मी उद्या नाही जात."

काकूंनी वीज कार्यालयात फोन लावला. एरवी तीन दिवस न येणारी माणसं त्या दिवशी बारा मिनिटांत आली! लाइन बंद. लाइनमन भैय्यालाल शिडीसह हजर. आता तो वर जाणार, पन्नी काढून सगळ्यांना दाखवणार, आणि नानांचा डोळा जाणार! मी शिडीला मिठी मारली.

"ऊपर मत जाओ, भैया!"

"काबर?" त्यानं कारण विचारलं.

मी त्याच्या कानात सगळं ओतलं. मोतीबिंदू, डॉक्टरीणबाई, आजी, बंपर सेल. त्यानं नानांकडे पाहिलं. नाना तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे होते, हात अजून जोडलेलेच.

"हव," एवढाच होकार देऊन तो चढला.

भैय्यालालनं पन्नी सोडवली, पाठ फिरवून दोन्ही हातांत घेतली, कुरवाळलीसुद्धा! मग गल्लीमागच्या तलावाकडे तोंड करून हात उघडले.

"उड़ गे!"

वाऱ्यानं लाज राखली. पन्नी छतांवरून खरंच उडाली, आणि नानांनी तो निळा ठिपका जाताना पाहिला. टाळ्या! ज्यांचे डोळे चांगले होते, त्यांनीही वाजवल्या; फक्त एकमेकांकडे पाहिलं नाही.

"उपाशी असंन," काकू म्हणाल्या. "किती हलका उडाला!"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नाना घरी येऊन खिडकीशी बसले आणि एकेक वस्तू नव्यानं पाहू लागले. कॅलेंडर पाहिलं. माझी दाढी पाहिली. "हे काय वाढवून ठेवलं बे?" मग बाहेर पाहिलं.

पन्नी वाऱ्याबरोबर परत येऊन बरोब्बर समोरच्या खांबावर अडकली होती.

"बं-पर से-ल," नानांनी वाचलं. मग फोन नंबर वाचला. दहाच्या दहा आकडे! डॉक्टरीणबाईंनी पेढे वाटले असते.

नानांनी खिडकीतून मान आत वळवली.

"अभिनव."

"हो, नाना."

"डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे न?"

"हो."

"त्याले खरा पाहिजे. दसऱ्याचाच. अन् आता मले दिसते, बरं का!"

म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. अधिकारी महोदय (जे कोणी संबंधित असतील ते).
विषय : चालू वर्षी दसरा पुन्हा घेण्याबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आमच्या आजोबांचा डावा डोळा लक्षात घेता, या वर्षीचा दसरा पुढील महिन्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता पुन्हा एकवार घेण्यात यावा. सदर वेळी आमच्या गल्लीतील तारेवर नीलकंठ, नग एक, जिवंत, उपस्थित ठेवावा. त्याच्या अंगावर काहीही लिहिलेले नसावे.