पोटच्या पोराची शिफारस

कोणत्याही सैन्याला बंदुकीच्या आधी चिठ्ठी लागते. बंदूक नसली तर काठीवर भागवता येतं. चिठ्ठी नसली तर शूरातला शूर गडीही फाटकावरच अडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत देहूरोडला लष्कराची भरती निघाली, आणि मावळाला हे शस्त्र पुरवण्याचं काम आपोआपच तळेगावच्या त्र्यंबकमास्तरांकडे आलं. मास्तर निवृत्त होते, इंग्रजी झोकदार होतं आणि दारी आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. (हा शेवटचा गुण देशाच्या संरक्षणाला फार उपयोगी पडला.)

टाकव्याचे कोंडाजी आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन आले.

"मास्तर, आमच्या महिपतीला चिठ्ठी पायजे."

"पोराला काय काय येतं?"

"काय येत न्हाई, म्हनून तर चिठ्ठी पायजे."

मुद्दा बिनतोड होता. महिपती गावात म्हशीलासुद्धा वाट देई. मास्तरांनी लिहिलं, 'हा तरुण विनाकारण बळाचा वापर करत नाही. प्रसंगी मात्र सिंह आहे.' तांदूळ आत गेले.

सुरुवातीला नुसत्या 'होतकरू'वर भागत असे. पण औंढ्याच्या एकाला 'अत्यंत होतकरू' मिळाल्याचं कानावर आलं, आणि टाकव्याच्या मंडळींना तो अख्ख्या गावाचा अपमान वाटला. मग विशेषणांचा भाव चढतच गेला. वर्षअखेर तालुक्यात सुमारे सत्तर सिंह, चाळीस नररत्नं आणि 'असा दुसरा होणे नाही' असे एकोणतीस जण होते. सामान्य माणूस औषधालाही उरला नव्हता. (शेतीची कामं कोण करत होतं, याची नोंद सापडत नाही.)

अशात मास्तरांच्या गोपाळकृष्णाने हवालदार-कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. जागा एकच, आणि तिच्यासाठी महिपतीचीही चिठ्ठी तिथे पडून होती. गोपाळकृष्ण खरोखरच गुणी होता, पण दोन वर्षं घरी बसून पोरगा मनातून खचत चालला होता. अरुंधतीबाईंनी नवऱ्याला सुनावलं, "जगाच्या पोरांना सिंह केलंत. आपल्या पोराला निदान मांजर तरी करा."

मास्तर लिहायला बसले. महिपतीवर उधळलेले शब्द पोटच्या पोराला लावायची त्यांना लाज वाटली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मुलगा हिशेबात चोख आहे. वेळेवर येतो. दिलेलं काम पुरं करतो.' लिहिताना त्यांचा ऊर भरून आला. इतकं खरं त्यांनी आजवर कुणाबद्दलच लिहिलं नव्हतं.

भरतीच्या साहेबाला मास्तरांचं अक्षर एव्हाना ओळखीचं झालं होतं. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि हेडक्लार्कला विचारलं, "यात सिंह कुठे आहे?"

सिंह नव्हता. साहेबाने सरळ विचार केला. जो गृहस्थ अख्ख्या तालुक्याची स्तुती करून थकला नाही, त्याला सख्ख्या मुलात वेळेवर येण्यापलीकडे काही सापडू नये, म्हणजे मुलाचं प्रकरण गंभीरच असणार. जागा महिपतीला मिळाली. (तो सही करतो. बाकीचं लिहिणं शिकतो आहे.)

नवा गणवेश घालून महिपती मास्तरांच्या पाया पडून गेला. तो गेल्यावर गोपाळकृष्ण हळूच म्हणाला, "अण्णा, तुम्हाला माझ्याबद्दल एवढंच वाटतं?"

मास्तरांना फार वाईट वाटलं. पोराला सांगायला एक चांगला शब्द ते शोधत राहिले, पण जो आठवे तो आधीच कुणाला तरी देऊन झालेला होता.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांनी घरच्यासाठी एखादा सिंह राखून ठेवायला हवा होता. खुशाल म्हणा. पण परवा शेजाऱ्यांच्या मुलाच्या अर्जाला तुम्ही कौतुकाच्या ज्या चार ओळी जोडून दिल्यात, त्या जरा आठवून पाहा. त्यांत खरं होतं ते फक्त मुलाचं नाव. आणि तेही तुम्ही त्यालाच विचारून लिहिलंत.