चूक असल्यास दुरुस्त करावी

गुरुवारी सकाळी माझा धाकटा भाऊ दत्तू गेला. शुक्रवारी पोस्टमनने त्याच्या नावाची पाटी दुरुस्त केली.

पाटी म्हणजे शाळेतली, लाकडी चौकटीची. रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या दारावर दत्तूने ती टांगली होती. तिच्यावर खडूने 'दत्तात्रय ओक', त्याखाली 'चूक असल्यास दुरुस्त करावी', आणि सुतळीला बांधलेला खडू. आळीतल्या पोरांनी तिथे पुष्कळ दुरुस्त्या केल्या. एकदा 'ओकांकडे कुत्रा नाही, ते स्वतःच भुंकतात' असं आलं. दत्तूने चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे मत आहे, चूक नाही. राहू दे." ते पावसाळ्यापर्यंत राहिलं. पोस्टमनने मात्र नावाआधी फक्त 'कै.' लिहिलं, खडू सुतळीवर नीट सोडला आणि टेलिफोनचं बिल माझ्या हातात दिलं. दत्तूच्या तत्त्वाप्रमाणे वागलेला मला माहीत असलेला तो एकमेव सरकारी माणूस.

"दुरुस्त कर. कोणी अडवलंय?" हे दत्तूचं पालुपद. आमटीत मीठ कमी म्हटलं, दुरुस्त कर. शर्ट उलटा घातलायस म्हटलं, तर दोन्ही हात वर करून उभा राहायचा. चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका छापून आणायचं काम कोणीतरी त्याच्याकडे दिलं. पत्रिकेच्या तळाशी ओळ आली, 'चूक आढळल्यास दुरुस्त करून पुढे द्यावी.' त्यातली एक फिरत फिरत आंजर्ल्याच्या मावशीकडे पोचली, तेव्हा तिच्यात मुहूर्त खोडून जेवणाची वेळ घातलेली होती. सगळे दत्तूवर तुटून पडले. तो शांत होता. "बघा, लोकांना ज्याची गरज असते ते ते अचूक लिहितात."

नोकरी मिरजोळ्याला, एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, यंत्रांवर लक्ष ठेवायची. आमच्या सात पिढ्यांत कोणाची सुरमईशी ओळख नव्हती. दत्तू रोज आठ तास तिला थंडी पुरेशी वाजतेय ना, हे बघायचा. उरलेला वेळ घरी कॉम्प्युटरपुढे. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं, त्यामुळे आमचा फोन सदैव गुंतलेला असे, आणि नातेवाईक आमच्यावर कधी नव्हे ते खूश होते.

शेजारच्या बर्वेकाकांनी एकदा सरळच विचारलं, "काय करतोस रे दिवसभर त्या डब्यापुढे?"

"वेबसाइट करायची हत्यारं करतोय, काका. अशी वेबसाइट, की वाचणारा कोणीही तिच्यात बदल करू शकेल."

"म्हणजे वेबसाइट करतोयस."

"नाही. हत्यारं. तुम्ही आंबे काढता, मी झेला बांधून देतो."

"आंबे कुठायत?"

"ते ज्याचे त्याने बघायचे."

"म्हणजे नुसती काठी नि जाळी."

"हो."

काका माझ्याकडे वळले. मग मला हळूच म्हणाले, "नोकरी आहे ना गो चालू त्याची?"

अशा वेबसाइटला विकी म्हणतात, हा हवाई बेटांवरचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'झटपट', हे दत्तूने मला सांगितलं तेव्हा त्याला त्या कामाला बसून तिसरं वर्ष लागलं होतं. त्याच्या पिशवीत हत्यारं, म्हणजे प्रोग्रॅम, चार. एक साध्या लिखाणाचं पान करणारं, एक त्या पानावर कोणालाही लिहू देणारं, एक जुनं प्रत्येक पान सांभाळणारं, आणि एक काल काय होतं नि आज काय झालं हा फरक दाखवणारं. तिसऱ्यावर त्याचा जीव. "पाटीत तेवढी एक खोट आहे, ताई. पुसलं की गेलं. इथे पुसलेलं मागे राहतं."

हत्यारं चालतात का हे बघायला त्याने आमच्या गावाची, पूर्णगडची, वेबसाइट बांधली. किल्ला, विहिरी, फणस, कोणाच्या घरी काय शिजतं, सगळं. कुठेही कुलूप नाही. "एक परका माणूस येऊन एक चूक दुरुस्त करील, त्या दिवशी हत्यार चाललं म्हणायचं," तो म्हणाला.

"मी करू?"

"तू नाही चालणार. तू घरची."

सहा महिने परका माणूस आला नाही. मी जेवताना विचारायचे, "आज?" तो म्हणायचा, "कोणी नाही." पुढे मी विचारायची थांबले. मग एका संध्याकाळी त्याने दारावरच्या पाटीचा खडू सोडला आणि खिशात घातला.

मी शाळेच्या ग्रंथालयात होते. शनिवारी शाळा बाराला सुटते. त्या शनिवारी मी घरी न जाता एसटी स्टँडजवळच्या इरफानभाईंच्या सायबर कॅफेत गेले. आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक चिकटवलेल्या बाईने खोटं नाव घेणं सोपं नसतं. मी इंदूरचे केळकर झाले, कारण इंदुरात आमचं कोणी नव्हतं. पूर्णगडचं पान उघडलं तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे. त्या काळी बहुतेक ठिकाणी तसंच व्हायचं. डब्यांच्या रांगेत एकटा इंग्रजी आकडा उभा होता, अठरा. ते वाक्य मी घरी वाचलेलं होतं, देवळामागच्या विहिरीच्या पायऱ्या. लहानपणी मी त्या मोजल्या होत्या, एकवीस आहेत. अठराचे एकवीस केले, खाली नाव टाकलं आणि चोरासारखी बाहेर पडले.

त्या संध्याकाळी दत्तूने पेढे आणले. "इंदूर, ताई. इंदूरहून माणूस आला." खडू पुन्हा सुतळीला लागला.

केळकर आणणं सोपं होतं, पोसणं अवघड. एकदा येऊन गेलेला परका पुन्हा आला नाही तर दत्तू पुन्हा खडू काढील, या भीतीने मी पुढच्या शनिवारीही गेले. इरफानभाईंनी मला तीन नंबरच्या मशीनवर बसवलं. तिथे डबे नव्हते, स्वच्छ मराठी होती. कॅफेत सुधारणा झालेली दिसते, असं मी मनात म्हटलं.

चुका मात्र वाढत चालल्या. पूर्णगडला सोलकढीत चिंच घालतात, असं आलं. मी दुरुस्त केलं. मग आलं, 'येथील बायकांचे मोदक वाफवताना फुटत, विशेषतः ओकांकडचे.' आईच्या हातचा मोदक कधी फुटला नव्हता. मी संतापले, पण केळकरांना संतापायचं काही कारण नव्हतं. शेवटी लिहिलं, 'विश्वसनीय माहितीनुसार ओकांकडचे मोदक फुटत नसत.'

त्या दिवशी जेवताना दत्तू म्हणाला, "इंदुरात बसून या केळकरांना आईचे मोदक कसे ठाऊक गो?"

"खाल्ले असतील कधी."

"रागावलेले वाटतात."

"तू लिहितोसच तसं."

"चुकत असेल तर करतील दुरुस्त," म्हणाला आणि त्याने पुन्हा भात मागितला.

अशी चार वर्षं गेली. एका घरात राहून आम्ही एकमेकांशी दूध, सिलिंडर आणि मीठ याबद्दल बोलायचो. बाकीचं सगळं इंदूरमार्गे.

दत्तूचे दिवस झाल्यावर मी शनिवारी कॅफेत गेले. आता मी येणार नाही, एवढंच सांगायचं होतं.

इरफानभाई म्हणाले, "बसा, बाई. तीन नंबर मोकळाच ठेवलाय. दत्तूभाऊंनी सांगून ठेवलंय ना."

"दत्तू इथे आला होता?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात, त्यानंतरच्या सोमवारी. मराठी फाँट त्यांनीच घातला. म्हणाले, शनिवारी बारानंतर इथे दुसऱ्या कोणाला बसवू नका, इंदूरचे पाहुणे यायचेत."

दुरुस्ती कुठून आली हे नोंदवणारं एक पाचवं हत्यार पिशवीत होतं, हेही इरफानभाईंनीच सांगितलं. ते त्याने मला सांगितलं नव्हतं. इंदूरचे केळकर रत्नागिरीतून लिहितात हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पेढे त्याने त्यानंतर आणले होते.

मी बसले आणि पूर्णगड उघडलं. शेवटचा बदल तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा, बुधवारचा होता. किल्ल्याच्या पानावर त्याने एक ओळ वाढवली होती, 'किल्ल्यावर चढताना ताई घाबरायची, मी तिचा हात धरायचो.' चार वर्षांत त्या पानांवर मी कुठेही नव्हते. झालं होतं ते उलटं. घाबरायचा तो, हात मी धरायचे. पण केळकरांना हे माहीत असायचं काही कारण नाही.

पाटी दारावर आहे. 'कै.' पोस्टमनने लिहिलं तसंच आहे, खडू झिजला की मी दुसरा बांधते. शनिवारी बारानंतर मी तीन नंबरवर जाऊन बसते. किल्ल्याची ती ओळ मी दुरुस्त केलेली नाही.