लाल रिफिल

कुलुपांच्या कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्कच्या टेबलावरून एकही इंग्रजी पत्र लाल झाल्याशिवाय सुटत नसे. कोणी काही लिहून आणलं की हेडक्लार्क आधी नाक मुरडत, मग चष्मा चढवत आणि मग लाल पेन चालवत. वाचण्याची भानगड यात कुठेच नव्हती. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे, एक वाक्य आडवं कापलेलं, समासात एक प्रश्नचिन्ह, की झाली दुरुस्ती. स्वतः एक ओळ लिहायची वेळ त्यांनी कित्येक वर्षं येऊ दिली नव्हती. लिहिणारा चुकतो, तपासणारा कधीच चुकत नाही, हे शहाणपण त्यांना नोकरीत फार लवकर सुचलं होतं.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि घरी मेहुणा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला, बैठकीच्या खोलीत जुने रेडिओ उघडून बसला आणि तिथून हललाच नाही. त्याच्यासोबत दिवसभर घरात बसायचं या कल्पनेनेच हेडक्लार्कना घाम फुटे. चहाच्या वेळी हे रडगाणं ऐकून ऐकून सगळ्या ऑफिसचे कान किटले होते.

तशात मालकांच्या मनाने घेतलं, की संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग काढायचा. वाक्य कसं बांधायचं, पूर्णविराम कुठे द्यायचा, सगळं अगदी पायापासून. शिकवणाऱ्याला निवृत्तीनंतरही ठेवून घेऊ, असंही ते म्हणाले. हेडक्लार्कना आकाश ठेंगणं झालं. वर्गाची गरज किती आहे हे आधी परीक्षा घेऊन दाखवतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"सगळ्यांची घेऊ साहेब, अगदी माझीसुद्धा. उगाच कोणी नावं ठेवायला नको," ते म्हणाले.

अक्षर ओळखून पक्षपात केला असं कोणी म्हणू नये, म्हणून टायपिस्टबाईंनी सगळे पेपर नाव गाळून जसेच्या तसे टाइप करायचे, हीसुद्धा त्यांचीच अक्कल. विषय होता 'माझं घर'. बाकीचे डोकं खाजवत होते तेव्हा हेडक्लार्कनी एका दमात पान भरून काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं हातात धरून ठेवलं.

तपासणी हेडक्लार्कनी नेहमीच्याच रीतीने केली. जो पेपर लांब, तो जास्त लाल. सगळ्यात लांब पेपराला शून्य मिळालं आणि खाली शेरा, 'या गृहस्थाला पुन्हा पहिलीत बसवावे.' शेवटच्या पेपरापाशी रिफिल संपली. दुसरी आणायला कोण उठतो, म्हणून त्या पेपरात एकही चूक सापडली नाही.

मालकांसमोर सगळं ऑफिस जमलं. हेडक्लार्कनी तो लालभडक पेपर दोन बोटांनी उचलला. मेलेलं झुरळ उचलावं तसा.

"हा नमुना बघा साहेब. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. हा माणूस श्वास तरी कुठे घेतो कोण जाणे."

आणि ते ठसक्यात वाचू लागले. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: "माझं घर छान आहे दोन खोल्या आहेत बायको सुस्वभावी आहे खिडकी पूर्वेला आहे पण बैठकीत मेहुणा आहे तो चार दिवस म्हणून आला खोलीभर रेडिओ आहेत एकही वाजत नाही..."

मेहुण्यापाशी त्यांचा आवाज बसला. पण थांबायला मजकुरात जागाच नव्हती, त्यामुळे ते खाली खाली जात राहिले. ऑफिस छताकडे बघत होतं. चहाला कधीच न येणाऱ्या मालकांना मात्र काही कळेना.

"कोण हा गाढव?" त्यांनी विचारलं.

टायपिस्टबाई पुटपुटल्या, "मी जसंच्या तसं टाइप केलं हो. तुम्हीच सांगितलं होतंत." आणि त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं.

"माझा आहे," हेडक्लार्क म्हणाले.

मालकांनी पेपर हिसकून घेतला आणि शेरा वाचला. तो त्यांना पटला. इतकी वर्षं पगार खाल्लात, आता या वर्गात पास झाल्याशिवाय निवृत्तीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. ज्याच्या पेपरात एकही चूक नाही, त्याने शिकवायचं.

तो निघाला स्टोअरकीपर. त्याला येणारं सगळं इंग्रजी मालाच्या खोक्यांवर छापलेलं होतं, तेच त्याने 'माझं घर' या मथळ्याखाली उतरवलं होतं. ही बाजू वर. जपून हाताळा. ओल लागू देऊ नये.

पहिल्या दिवशी वर्गात काय करायचं हे स्टोअरकीपरला ठाऊक नव्हतं. पण हेडक्लार्कच्या टेबलासमोर तो खूप वर्षं ताटकळला होता. त्याने नाक मुरडलं, चष्मा चढवला आणि समोर आलेला हेडक्लार्कचा कागद न वाचता लाल केला. शून्य. हेडक्लार्क तो कागद बघत राहिले. मग त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्टोअरकीपरचे आभार मानले.

त्या आठवड्यात ते मन लावून शिकले. पुढच्या परीक्षेला त्यांनी पूर्णविराम कुठे कुठे पडतो ते बारकाईने पाहून घेतलं, आणि तिथे तिथे एकही दिला नाही.